अर्धा समुद्र, डाव्या कानाने

तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर कुठे बोलू नका. हल्ली मी करकंबात बसून समुद्राचं परीक्षण करतो. आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी दोनशे किलोमीटरच्या पुढे भरेल. मोठं पाणी म्हणून आम्ही बघतो ते उजनीच्या कालव्याचं, आणि तेही आवर्तन सुटलं तर. पंढरपूर तालुक्यातलं हे गाव बाजार आमटीसाठी ओळखलं जातं, आणि निवृत्त शिक्षकाने आमटीवर चार शब्द सांगितले असते तर पारावर लोकांनी ते ऐकूनही घेतले असते. पण निवृत्त माणसाला जे थोडंफार येतं तेवढंच करावं अशी बुद्धी होत नाही.

याचं मूळ पुण्यात आहे. तिथे माझा कॉलेजातला एक मित्र राहतो, ज्याच्या दिवाणखान्यातले स्पीकर त्याच्या बायकोपेक्षा उंच आहेत आणि ज्या खुर्चीवरून ते दोन्ही सारखे ऐकू येतात त्या खुर्चीवर पाहुण्यांना बसू देत नाहीत. एकदा फोनवर बोलता बोलता मी त्याला सहज सांगितलं की, मीही आता पाश्चात्त्य संगीत ऐकतो, परवाच देब्युसीचं 'ला मेर' ऐकलं, फार भावलं. वस्तुस्थिती अशी होती की चिरंजीवांनी मोबाइलवर भलतंच काहीतरी लावलं होतं, ते संपल्यावर हे आपोआप सुरू झालं आणि बंद कसं करायचं ते मला ठाऊक नसल्यामुळे मी ते अखेरपर्यंत भावू दिलं.

"अरे वा!" तो म्हणाला. "कुणाचं?"

"देब्युसीचं."

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एखाद्या वारलेल्या माणसाबद्दल विचारावं तशा हळू आवाजात तो म्हणाला, "ते झालंच रे. पण वाजवलंय कुणी?"

आता आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारला तर त्यात काही गैर नाही. भूप किशोरीताईंचा वेगळा आणि मारवा अमीर खाँसाहेबांचा वेगळा, हे मलाही कळतं, कारण आपल्याकडे गवई तिथल्या तिथे बसून राग घडवत असतो. पण इथे कागद एकच. व्हायोलिनवाल्याने कुठे उचलायचं, बासरीवाल्याने कुठे थांबायचं, झांजवाल्याने किती वेळ हात बांधून बसायचं, सगळं देब्युसीने 1905 साली लिहून ठेवलेलं. मग बर्लिनवाल्यांनी वाजवलं काय आणि बॉस्टनवाल्यांनी वाजवलं काय, फरक पडणार तो कशात? हे मी मित्राला विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "बऱ्याच जणांचं ऐकलंय. तुलना चालू आहे."

त्या एका वाक्यापायी मला वही आणावी लागली.

वहीत मी पट्टीने रकाने आखले: संचालक, वाद्यवृंद, साल, लाटा, वारा, एकूण प्रभाव, शेरा. 'एकूण प्रभाव' दहापैकी. तीस-पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला माणूस, गुण द्यायला मला काही ऐकावंच लागतं असं नाही. तरी पण प्रामाणिकपणे आधी अभ्यास केला, आणि सांगतो, अभ्यासाचा भाग फार सुखाचा गेला. या देब्युसीबुवांचे वडील त्यांना खलाशी करणार होते म्हणे. ते राहिलं. हा समुद्र त्यांनी 1903 साली लिहायला घेतला तो कुठे, तर बिशाँ नावाच्या बर्गंडीतल्या खेड्यात, जिथून समुद्र दिसणं सोडाच, गावातल्या कुणाला दिसला असेल तरी पुष्कळ. आणि हे बिशाँ म्हणजे त्यांची सासुरवाडी! आजूबाजूला द्राक्षांचे मळे, घरात सासू-सासरे, आणि जावईबापू माडीवर बसून लाटा लिहितायत. त्यांनी एका मित्राला तसं कळवलंही होतं, की माझ्याकडे समुद्राच्या आठवणींचा भरपूर साठा आहे आणि कामाला प्रत्यक्ष समुद्रापेक्षा तोच बरा. हे वाचलं आणि मला एकदम जवळचा माणूस भेटल्यासारखं झालं. माझी सासुरवाडी गुहागरची. म्हणजे त्यांचं सासर कोरडं आणि माझं ओलं, एवढाच काय तो आमच्यात फरक. पुढे संगीताचाही थोडा फरक निघाला.

रचना तीन भागांची, सगळी मिळून तेवीस-चोवीस मिनिटांची. पहिल्या भागात समुद्रावरची पहाट ते दुपार, दुसऱ्यात लाटांचे खेळ, तिसऱ्यात वारा आणि समुद्र यांचं संभाषण. लोक याला इम्प्रेशनिस्ट म्हणतात, म्हणजे मोनेच्या चित्रांच्या घराण्यातलं. खुद्द देब्युसींना ते बिरुद अजिबात आवडत नसे, पण बिरुदं देणारे विचारून थोडेच देतात? छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर त्यांनी होकुसाईची ती प्रसिद्ध जपानी लाट घेतली होती. ती लाट मी ओळखतो. आमच्या चिरंजीवांच्या टी-शर्टावर आहे.

अडचण पहाटेपासूनच सुरू झाली. देब्युसींनी पहाट लिहिली आहे ती इतकी हळू, की खालच्या पट्टीत बास घुमतात, टिंपनीवर हलका घुमारा, हार्पचे दोन-चार थेंब, बस. आमच्या माजघरात पंख्याला आवाज आहे, फ्रिजला आवाज आहे, आणि नळाला पाणी आलं की गल्लीतल्या समस्त मोटारी एका सुरात लागतात. पहिल्या दिवशी मला वाटलं रेकॉर्डिंगच सुरू झालेलं नाही, म्हणून आवाज वाढवला, मग आणखी वाढवला, मग चिरंजीवांचा गणपतीत वापरायचा स्पीकर जोडला, आणि तरी काही नाही म्हणून तो शेवटापर्यंत पिळून चहा ठेवायला आत गेलो, तो इकडे समुद्रावर सूर्य चढत गेला, आणि चहाला उकळी यायला अन् पहिल्या भागाच्या अखेरीला सगळी पितळी वाद्यं एकदम छाती फुगवून उभी राहायला एकच गाठ पडली. पातेलं हातातून सुटलं, आई देवघरातून "भूकंप, भूकंप" करत अंगणात आली, आणि शेजारचे पखवाजवाले काका भिंतीवरून डोकावून म्हणाले, "सर, लग्न कुणाचं हाय?"

एरिक साती नावाच्या संगीतकाराने देब्युसींची थट्टा केली होती, की पहाट ते दुपार या भागातलं मला पावणेअकराच्या सुमाराचं तेवढं फार आवडलं. आमच्या घरात तो भाग कुणालाच आवडला नाही. पावणेअकराला मी ओटा पुसत होतो.

मग मी पहाटे चारला उठायचं ठरवलं. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (ते सकाळी चालू करायचं विसरलो आणि त्या दिवशीच्या दुधाबद्दल मी इथे बोलणार नाही), आणि मोबाइल उशीवर. त्या शांततेत पहिल्यांदा मला ते बास खरोखर ऐकू आले. अंगावर काटा आला. मी वहीत 'अप्रतिम' लिहिलं. मग दुसऱ्या भागात लाटा खेळता खेळता अचानक सगळं थबकलं. एकही वाद्य नाही. मी श्वास रोखून बसलो. काय धीट संचालक असेल! लाट उंच गेली आहे आणि फुटायच्या आधी तिला असं अधांतरी धरून ठेवायचं, याला काळीज लागतं. मी 'विरामाची विलक्षण जाण' असा शेरा लिहिला, तरी लाट खाली येईना. उजाडलं तरी येईना. चिरंजीव उठले, त्यांनी मोबाइल बघितला आणि म्हणाले, "बाबा, आजचा डेटा संपलाय."

अशाने घरच्यांना त्रास होतो म्हणून मी इयरफोन काढला. टेबलाच्या खणात एक सापडला, वायरचा, थोडा जुना. आणि इथून माझ्या समीक्षेला खरी धार आली.

झालं असं, की पहिल्या भागाच्या मध्यावर चेलोंचा एक सुंदर उठाव आहे. देब्युसींनी त्यासाठी सोळा चेलो मागितले आहेत. मोठमोठ्या वाद्यवृंदांकडेही एवढे सहसा नसतात, आणि या माणसाने त्यांचे चार गट पाडून त्यांना असं काही गायला लावलंय की जाणकार म्हणे केवळ त्या जागेवरून संचालकाची पारख करतात. मीही ठरवलं, इथेच पारख करायची. कारायानचं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचं 1964 चं रेकॉर्डिंग लावलं. डोळे मिटले. व्हायोलिन झुळझुळतायत, आणि चेलो... चेलो कुठेतरी शेजारच्या घरात वाजल्यासारखे. मी लिहिलं, 'बर्लिनकरांनी चेलोंची काटकसर केली आहे.' मग शार्ल म्युन्शचं बॉस्टनवाल्यांबरोबरचं 1956 चं. तिथेही तीच रड. मग फ्रिट्झ राइनर, शिकागो. चेलो नाहीतच. मी अस्वस्थ झालो. एवढी श्रीमंत शहरं, आणि चेलोवाल्यांना बोलवायला यांच्याकडे पैसे नाहीत?

शेवटी तोस्कानिनी लावले. 1950 सालचं, एनबीसीच्या वाद्यवृंदाबरोबरचं. आवाज जुना, खरखरीत, आणि काय सांगू, चेलो! भरपूर चेलो! बास आहेत, ट्रम्पेट आहेत, ट्रॉम्बोन आहेत, सगळा कुटुंबकबिला हजर. तोस्कानिनींनी या रचनेच्या वाद्ययोजनेत स्वतःच्या हाताने थोडी डागडुजी केली होती, असं मी वाचलं होतंच. मला उलगडा झाला. मी एका बैठकीत चार पानी टिपण लिहिलं, त्याचे फोटो काढले आणि पुण्याला पाठवले. टिपणाचा सारांश असा होता, की 1950 नंतर पाश्चात्त्य जगातून चेलो हळूहळू नाहीसा होत गेला, याला युद्धोत्तर महागाई कारणीभूत असावी, आणि तोस्कानिनी हे त्या वैभवाचे शेवटचे साक्षीदार होत.

मित्राचं उत्तर आलं नाही. मला वाटलं, भारावला असेल.

मग एके दिवशी नातीने माझे इयरफोन कानाला लावले आणि म्हणाली, "आजोबा, हा कान बंद आहे." उजवा. मी लगेच स्वतःचा उजवा कान दाबून बघितला, तर खरंच थोडं कमी ऐकू आल्यासारखं वाटलं. वयच असं आहे. कोमट तेल घातलं, त्याने जे ऐकू येत होतं तेही बंद झालं, म्हणून पंढरपूरला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तेल काढलं, तपासलं, आणि मी सगळी हकीकत सांगितल्यावर इयरफोन मागून घेऊन स्वतःच्या कानाला लावले. "कान ठणठणीत आहे," ते म्हणाले. "वायर तुटलीय." फी पूर्ण घेतली.

आता हे तुम्ही तरुण मंडळी लगेच ओळखाल, पण मला डॉक्टरांच्या टेबलावर कागदावर चित्र काढून घ्यावं लागलं. स्टिरिओमध्ये दोन कानांना दोन वेगळे आवाज जातात. बहुतेक वाद्यवृंदांत व्हायोलिनवाले डावीकडे बसतात, चेलो आणि बास उजवीकडे. त्यामुळे मी जगातले नामांकित समुद्र अर्धे अर्धे ऐकत होतो. तोस्कानिनींचं रेकॉर्डिंग मोनो. तिथे जे डाव्या कानात तेच उजव्या कानात, म्हणून तेवढा एक समुद्र मला पुरता मिळाला. बिचाऱ्या कारायानचे मी चेलोंपायी दहापैकी चार गुण कापले होते.

नवे इयरफोन घेतले. पहिल्यांदा लावले तेव्हा उजवीकडून इतके चेलो अंगावर आले की मी दचकून मागे वळून बघितलं.

यानंतर शहाण्या माणसाने वही रद्दीत दिली असती. पण मला एक अशी जागा सापडली जिथे कानाची गरजच नाही, नुसती हजेरी घ्यायची. तिसऱ्या भागात, शेवट जवळ आला की, मूळ 1905 च्या छापील प्रतीत आठ बारांवर पितळी वाद्यांची एक ललकारी होती. पुढे सुधारलेली आवृत्ती निघाली, तिच्यात देब्युसींनी ती काढून टाकली. म्हणजे कागदसुद्धा एक नाहीच! तेव्हापासून संचालकांमध्ये दोन तट आहेत. काही जण ती परत घालतात. आन्सर्मे तर हमखास वाजवायचे. काही जण सुधारित प्रतीला चिकटून राहतात. बुलेझ त्यांतले. मी वहीत नवा रकाना पाडला: 'ललकारी: आहे / नाही'. याला काही गुण द्यायचे नाहीत, समजायचं नाही, नुसती खूण करायची. एवढं तर मला येईल ना?

दिवस गाळप हंगामाचे. आमच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत रात्रभर जातात, प्रत्येकाला गाणी वेगळी आणि हॉर्न त्याहून वेगळा. मी बुलेझचं क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाबरोबरचं, नव्वदच्या दशकातलं रेकॉर्डिंग लावून बसलो होतो. वारा घोंघावतोय, समुद्र उसळतोय, मी बोट पेन्सिलीवर ठेवून त्या आठ बारांची वाट बघतोय, आणि बरोब्बर त्या जागी ललकारी आली. स्वच्छ, पल्लेदार, वर चढत जाणारी. मी आनंदाने उडी मारली. बुलेझसारखा कडवा माणूस, आणि उतारवयात मूळ प्रतीकडे परतला! रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी मित्राला फोन लावला.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "परत लाव. मला ऐकव."

मी परत लावलं, फोन इयरफोनजवळ धरला. त्या जागी नुसता वारा. ललकारी नाही. मी म्हणालो थांब, आणि आम्ही दोघे पुण्यात आणि करकंबात श्वास धरून थांबलो, आणि मग ती आली. रस्त्यावरून. मागच्या ट्रॅक्टरची.

"सूर चांगला आहे," मित्र म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

माघी एकादशीला तो पंढरपूरला आला आणि वाट वाकडी करून माझ्याकडे. बरोबर स्वतःचा छोटा स्पीकर. जेवणं झाल्यावर म्हणाला, आता नावं न सांगता लावतो, बघू तुझी तुलना. बायको मेथी निवडत बसली होती, पखवाजवाले काका पान लावत होते, आई वाती वळत होती. मी डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून तयारीत बसलो. खालून ती ओळखीची धूसर घुमघुम सुरू झाली. मी म्हणालो, "आन्सर्मे. या सुरुवातीवरूनच कळतं."

"अजून लावलं नाहीये," मित्र म्हणाला. "ती मोटार आहे."

त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. पण बायको मेथीच्या काड्या मोडता मोडता आपणहून बोलायला लागली. कारायान चालू असताना म्हणाली, "हा समुद्र बघायला आलेला माणूस आहे. तिथे राहणारा नाही." म्युन्शला म्हणाली, "आज होड्या घालू नयेत." बुलेझ ऐकून जरा थांबली. "पाणी फार स्वच्छ आहे हो, पार तळ दिसतो. पण वास कुठाय?" मित्र ताडकन उठून बसला. 1905 च्या ऑक्टोबरात पॅरिसला पहिला प्रयोग झाला, तेव्हा पिएर लालो नावाच्या बड्या टीकाकाराने 'ल ताँ'मध्ये अगदी हेच लिहिलं होतं, की समुद्र ना ऐकू येतो, ना दिसतो, ना त्याचा वास येतो. "वहिनी, तुम्ही हे वाचलं होतंत?" तिने मान हलवली. "वाचायला कशाला हवं? बारा महिने नाकात होता."

काकांचं लक्ष सगळं टिंपनीकडे. "पहिल्याचा वाजवणारा हात राखून वाजिवतोय. दुसरा तुटून पडलाय. पर सर, लई येळ झाला, समेवर येनार कवा?" आणि पहिल्या भागाच्या अखेरीला ती पितळी दुपार उभी राहिली तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. "आली!" मित्राने खिशातून स्वतःची छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं. आईने विचारलं, भूकंप होता तो हाच का.

तेव्हापासून पुण्याहून येणाऱ्या लिंका बायकोच्या मोबाइलवर येतात. मला तो सकाळी गुलाबाच्या फुलांचे फोटो पाठवतो. परवा त्याचा फोन आला तेव्हा ती देवळात गेली होती, म्हणून मी उचलला. म्हटलं, काही निरोप आहे का?

"त्यांना म्हणावं, हाइटिंकचं झालं असेल ऐकून तर रात्री फोन करा."

"हाइटिंकचं कोणत्या सालातलं?" मी विचारलं. आपल्यालाही काही कळतं, एवढंच दाखवायला.

"ते त्यांना माहीत आहे," तो म्हणाला.